आठ महिन्यांची किंमत



आमच्या परळच्या कार्यालयात फाइलींच्या कपाटावर एक फोटो आहे. २०१२ सालच्या दिवाळीनंतरचा. एका अनुदानित शाळेतल्या बाई नोकरीचा राजीनामा देऊन संस्थेच्या पूर्णवेळ कार्यकर्त्या झाल्या, त्या दिवशी काढलेला. कुणीतरी त्यांच्या हातात पुस्तक ठेवते आहे आणि मागे उभ्या असलेल्या सगळ्याजणी टाळ्या वाजवत आहेत. मी तेव्हा कॉलेजात होते, त्यामुळे फोटोत नाही. पण नव्या मुली संस्थेत आल्या की हा फोटो दाखवून बाईंची गोष्ट मीही अनेकदा सांगितली आहे. कायम नोकरी सोडून त्या चळवळीत आल्या, अशी.

यंदा बाई ५८ वर्षांच्या झाल्या. शाळेत असत्या तर याच वर्षी निवृत्त झाल्या असत्या. मागच्या महिन्यात बैठक संपल्यावर चहाचे कप विसळताना त्यांनी मला विचारले, "अगं, तू शिकलेली आहेस, तुला या गोष्टी माहीत असतील. मी एकोणीस वर्षं शाळेत शिकवलं. त्याचं आता काही ना काही सुरू होत असेल ना?"

मी त्यांच्याकडचे कागद मागितले. प्लास्टिकच्या पिशवीत नेमणुकीचे पत्र, मान्यतेची प्रत, दोन-चार वेतनचिठ्ठ्या आणि राजीनाम्याची झेरॉक्स होती. जून १९९३ ची नेमणूक, ऑक्टोबर २०१२ चा राजीनामा. १९ वर्षे आणि ४ महिने. मी ते कागद घेऊन शिक्षक संघटनेतल्या एका जुन्या कार्यकर्त्याकडे आणि एका वकील मैत्रिणीकडे गेले. दोघांनी एकच उत्तर दिले. भविष्य निर्वाह निधीचे पैसे त्यांना त्या वेळी मिळाले होते, तेवढेच. मासिक पेन्शन नाही.

आठ महिने थांबल्या असत्या तर मिळाली असती.

हे त्यांना सांगायचे काम माझ्यावर आले. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मग त्या वेळी मला कुणीच कसं नाही सांगितलं?" या प्रश्नाला उत्तर द्यायचे म्हणून या अंकाचे संपादकीय लिहिते आहे. कारण त्या वेळी ज्यांनी सांगायला हवे होते, त्यांत आपणही होतो.

आधी नियम काय आहे ते पाहू. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम १९८२ सालचे आहेत आणि जुन्या योजनेतल्या अनुदानित शाळांच्या शिक्षकांचे पेन्शन याच नियमांच्या आधाराने ठरते. त्यात नोकरीतून बाहेर पडायच्या वाटा वेगवेगळ्या आहेत. वयाच्या ५८ व्या वर्षी निवृत्त होणाऱ्याला दहा वर्षांची अर्हताकारी सेवा, म्हणजे पेन्शनसाठी धरली जाणारी सेवा, असली तरी पेन्शन लागू होते. त्याआधी आपणहून बाहेर पडायचे तर वीस वर्षांची अर्हताकारी सेवा लागते आणि तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घ्यावी लागते. तिसरी वाट राजीनाम्याची. राजीनामा दिला की आधीची सगळी सेवा जप्त होते. नियमातला अर्थ हाच आहे. १९ वर्षे असोत की २९, राजीनामा म्हणजे मागचे पुसले. अपवाद एकच सांगण्यासारखा. योग्य मार्गाने अर्ज करून, परवानगी घेऊन, दुसऱ्या सरकारी नोकरीवर जाण्यासाठी दिलेल्या राजीनाम्याने सेवा जात नाही.

"राजीनामा काय आणि स्वेच्छानिवृत्ती काय, शेवटी नोकरी सोडलीच की" असे आपल्याला वाटते. कायद्याला तसे वाटत नाही. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने बीएसईएस यमुना पॉवर विरुद्ध घनश्यामचंद शर्मा या प्रकरणात केंद्राच्या अशाच नियमाचा अर्थ लावताना स्पष्ट केले की या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि राजीनामा दिल्यावर मागची सेवा जाते, मग ती वीस वर्षे झालेली असो वा नसो. म्हणजे वीस वर्षे पुरी केलेल्या बाईनेही अर्जावर चुकीचा शब्द लिहिला तर तिचा हक्क एका शब्दापायी धोक्यात येतो.

बाईंच्या बाबतीत हे कसे घडले? शाळेची पटसंख्या घटत होती. कुणाला अतिरिक्त ठरवायचे यावर शिक्षकांत कुजबुज होती. बाई संध्याकाळी आमच्या सल्ला केंद्रात बसायच्या आणि त्यांचे मन तिकडे लागले होते. शाळेत त्यांना सांगण्यात आले की आजच राजीनामा लिहून द्या, महिनाअखेर मोकळे करतो. घरचे म्हणाले, तुझी इच्छा असेल तसे कर. आम्ही म्हणालो, लवकर या, काम पडले आहे. शाळेने, घराने आणि संघटनेने, तिघांनीही तिला वाट मोकळी करून दिली. सेवापुस्तक उघडून महिने मात्र कुणी मोजले नाहीत.

आता काही जणी विचारतील की पेन्शनच्या नियमांची ही किचकट चर्चा स्त्रियांच्या अंकात कशाला? हे काम शिक्षक संघटनांचे. आमच्या मते हे काम आपलेच आहे.

पेन्शन म्हणजे सरकारने खूश होऊन दिलेली बक्षिसी नव्हे. डी. एस. नाकारा खटल्यात १७ डिसेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे नि:संदिग्धपणे सांगितले. पेन्शन ही केलेल्या कामाची राखून ठेवलेली मजुरी आहे. देशभरचे निवृत्त कर्मचारी तो दिवस पेन्शनर दिन म्हणून पाळतात. त्याच १९८२ च्या जानेवारीत आपल्या गिरणगावात संप सुरू झाला होता. लालबाग-परळच्या ज्या घरांत गिरणीचा पगार बंद झाला, त्या घरांची चूल कुणी पेटती ठेवली हे आपल्याला माहीत आहे. कुणी खाणावळी चालवल्या, कुणी पापड लाटले, कुणी घरकामे धरली. खाणावळवाल्या बायकांची संघटना, प्रेमाताई पुरव यांनी उभी केलेले अन्नपूर्णा महिला मंडळ, १९७५ पासून इथेच होते. आणि ज्या घरांत एखादी सून किंवा लेक महापालिकेच्या नाहीतर खासगी शाळेत शिक्षिका होती, त्या घरात महिन्याच्या महिन्याला येणारा पगार तिचाच होता. आजही जुन्या चाळींतल्या बायकांशी बोललात तर त्या सांगतात, "आमच्या बाईंच्या पगारावर सगळं उभं राहिलं." पगारावर घर उभे राहिले. मग त्याच पगारातून मागे राहिलेली मजुरी बाईच्या म्हातारपणी तिच्या हातात का राहू नये?

दुसरे कारण अधिक खोल आहे. पेन्शनचे नियम एका विशिष्ट माणसाला डोळ्यांपुढे ठेवून केलेले आहेत. हा माणूस पंचविशीत नोकरीला लागतो, अठ्ठावनपर्यंत न थांबता काम करतो आणि त्याच्या घरी मुले, आजारी आईवडील आणि स्वयंपाक सांभाळायला दुसरे कुणीतरी असते. बाईचे आयुष्य असे सरळ रेषेत जात नाही. ती लग्नानंतर गाव बदलते. नवऱ्याची बदली झाली की नोकरी सोडते. बाळंतपणानंतर थांबते, सासूच्या आजारपणात विनावेतन रजा घेते. चाळिशीत मुले मोठी झाल्यावर कुठे तिला वाटते, आता मला हवे ते करू दे. कुणी समुपदेशनाचा अभ्यासक्रम करते, कुणी केटरिंग सुरू करते, कुणी आपल्यासारख्या संस्थेत येते. नेमके त्या वेळी तिच्या नोकरीची पंधरा, अठरा, एकोणीस वर्षे झालेली असतात. अर्धवट सेवेला शिक्षा करणारा नियम कागदावर स्त्री-पुरुष भेद करत नाही. पण तुटक सेवा कुणाची असते, हे पाहिले की तो कुणावर पडतो ते कळते.

रजेचेही तसेच. प्रसूती रजा सेवेत धरली जाते. २०१८ पासून राज्यातल्या शिक्षिकांना १८० दिवसांची बालसंगोपन रजाही आहे. पण घरच्या आजारपणासाठी घेतलेली विनावेतन रजा पेन्शनसाठी धरली जाईलच असे नाही. म्हणून "माझी वीस वर्षं झाली" असे कॅलेंडर पाहून म्हणू नका. सेवापुस्तकातली निव्वळ अर्हताकारी सेवा किती, ते लेखी विचारा. वीस वर्षे तीन महिने वाटणारी सेवा रजा वजा जाता वीसच्या आत येऊ शकते.

आपल्या भागात गिरगाव ते दादरच्या पट्ट्यात "शिक्षिका" हा एकच शब्द असला तरी त्यात निदान चार प्रकारच्या बाया आहेत आणि प्रत्येकीची वाट वेगळी आहे. बैठकीत बोलताना आपण सगळ्यांना एकच सल्ला देतो आणि घोटाळा होतो. म्हणून थोडे सविस्तर.

पहिली, अनुदानित शाळेत १ नोव्हेंबर २००५ पूर्वी लागलेली. तिची जुनी पेन्शन आहे आणि तिच्यासाठी वर सांगितलेला वीस वर्षांचा उंबरठा महत्त्वाचा. महापालिका शाळेतल्या बाईने तिच्या पालिकेचे नियम व तारखा वेगळ्या पाहाव्यात. काम बदलायची इच्छा असेल आणि वर्ष-दोन वर्षे कमी पडत असतील, तर थांबणे हाच सल्ला. संध्याकाळी, रविवारी, सुट्टीत नवे काम शिकता येते. वीस वर्षे पुरी झाल्यावर "राजीनामा" हा शब्द टाळून स्वेच्छानिवृत्तीची नोटीस द्यावी. नंतर संस्थेत नोकरी केली किंवा स्वतःचा धंदा काढला म्हणून ती पेन्शन थांबत नाही. नवऱ्याच्या माघारी त्याचे कुटुंब निवृत्तिवेतन मिळू लागले तरी स्वतःची पेन्शन वेगळी चालू राहते. "दोन पेन्शनी कशा मिळतील" म्हणून कुणी घाबरवले तर ऐकू नका.

दुसरी, १ नोव्हेंबर २००५ किंवा त्यानंतर लागलेली. तिला जुनी पेन्शन नाही. तिच्या पगारातून दहा टक्के कापून आधी परिभाषित अंशदान योजनेत आणि पुढे राष्ट्रीय पेन्शन योजनेत जमा होत आले. मार्च २०२३ मध्ये राज्यातले कर्मचारी, शिक्षक, परिचारिका सात दिवस संपावर होते ते याच प्रश्नावर. या बाईचे खाते तिच्या नावाच्या कायम क्रमांकावर असते आणि नोकरी सोडल्यावरही ते चालू ठेवता येते. साठीआधी खाते बंद करायला गेले तर मोठा हिस्सा वार्षिकी विकत घेण्यात जातो आणि हातात थोडेच पडते. म्हणून नोकरी सुटली की घाईने खाते मोडू नका. त्याआधी मात्र एक काम करा. सुरुवातीच्या वर्षांत कापलेले पैसे खात्यात आले का, हे वर्षावर्षाने ताडून पाहा. शाळा सोडल्यावर हा हिशेब मागत फिरणे फार कठीण जाते.

तिसरी, खासगी विनाअनुदानित शाळेतली. इंग्रजी माध्यमाच्या शाळांमुळे हिची संख्या वाढत गेली. हिला भविष्य निर्वाह निधी आणि त्याला जोडलेली १९९५ ची कर्मचारी पेन्शन योजना लागू होते. इथला उंबरठा दहा वर्षांचा. दहा वर्षे भरली की ५८ व्या वर्षी पेन्शन मिळते, मग नोकरी मधेच सोडलेली असली तरी. राजीनाम्याने ती जात नाही. पन्नाशीनंतर आधीही घेता येते, पण ५८ ला जितकी वर्षे कमी तितके दरवर्षी चार टक्के कापून. दहा वर्षे भरली नसतील तर दोन पर्याय असतात. पैसे काढून घेणे किंवा योजना प्रमाणपत्र घेऊन ठेवणे. पैसे काढले की केलेली वर्षे संपली. प्रमाणपत्र ठेवले आणि पुढे दुसऱ्या नोकरीत निधी लागू झाला, तर जुनी वर्षे नव्यात मिळवता येतात. सात वर्षे शिकवून संस्थेत आलेल्या मुलीने पैसे काढले नाहीत आणि संस्थेने निधी लागू केला, तर तिसऱ्या वर्षी तिचा उंबरठा ओलांडला जातो. आता ही पेन्शन किती? पेन्शनपात्र पगाराला सेवेच्या वर्षांनी गुणून सत्तरने भागायचे. पगाराची मर्यादा सप्टेंबर २०१४ पासून १५,००० रुपये धरली, तर पंधरा वर्षांच्या सेवेला महिन्याला सुमारे ३,२०० रुपये होतात. त्या तारखेनंतर पहिल्यांदाच नोकरीला लागलेल्या आणि मर्यादेहून जास्त पगार असलेल्या बाईचे तर या योजनेत खातेच उघडत नाही. ३,२०० रुपयांत मुंबईत काय होते हे आपल्याला ठाऊक आहे. तरीही ते आपले आहेत आणि मरेपर्यंत येणारे आहेत.

हिच्यासाठी ग्रॅच्युइटीही आहे. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की शिक्षक हे १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यातले "कर्मचारी" नाहीत. मग २००९ साली कायदा दुरुस्त झाला, तोही ३ एप्रिल १९९७ पासून लागू होईल असा. खासगी शाळाचालक त्याविरुद्ध न्यायालयात गेले आणि २०२२ साली हरले. पाच वर्षांची सलग सेवा असेल तर राजीनामा दिला तरी ही रक्कम मागता येते. दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार असा तिचा हिशेब आहे. कित्येक शाळा आपणहून ती देत नाहीत आणि कित्येक शिक्षिका मागत नाहीत. "आमच्या बाईंशी संबंध चांगले आहेत, कशाला मागू" हे वाक्य मी दादरच्या एका शिबिरात एकाच दुपारी तीनदा ऐकले.

चौथी, बालवाडीची शिक्षिका आणि अंगणवाडी सेविका. तिच्या पगाराला मानधन म्हणतात. मानधन म्हटले की पेन्शन नाही, निधी नाही. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनीस ग्रॅच्युइटीच्या हक्कदार आहेत असा निकाल दिला. एक दार किलकिले झाले. ती शिकवतेच, पण तिला शिक्षिका मानायला अजून बरेच भांडावे लागणार आहे.

या चौघींनाही लागू असे काही. नोकरी सोडण्यासाठी कुणीही टाइप करून पुढे केलेल्या कागदावर सही करू नका. खासगी शाळांच्या सेवाशर्तींच्या १९७७ च्या कायद्यातच राजीनामा कसा द्यायचा ते लिहिले आहे. दोन प्रतींवर सही आणि तारीख घालून एक प्रत व्यवस्थापनाला रजिस्टर पोस्टाने पाठवायची आणि एक स्वतःजवळ ठेवायची. दबावाने लिहून घेतलेल्या राजीनाम्यांना आळा बसावा म्हणून ही तरतूद. राजीनामा अमलात येण्याआधी मागे घेता येतो, हेही लक्षात ठेवा. सेवापुस्तकाच्या प्रत्येक पानाची प्रत घ्या. आणि नाव! नेमणूक माहेरच्या नावाने, पगार सासरच्या नावाने, बँकेत तिसरेच नाव, अशी आपली गत. याच एका कारणाने किती जणींची प्रकरणे परत येतात. आधीच्या पिढीने राजपत्रात नाव छापून घेण्यासाठी चर्नी रोडच्या शासकीय मुद्रणालयाचे खेटे घातले. ते काम नोकरीत असतानाच उरकून घ्यावे.

इथवर झाले हक्काचे पैसे मिळवण्याचे. खरी कसोटी पैसे मिळाल्यावर सुरू होते.

लालबागच्या एका चाळीतली मैत्रीण स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरीच शिकवण्या घेऊ लागली. पेन्शनचा विकता येईल तो भाग विकून मिळालेली रक्कम, ग्रॅच्युइटी आणि निधी, सगळे मिळून तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच इतका पैसा एका वेळी खात्यात आला. त्याच वर्षी चाळीचा पुनर्विकास ठरला. जास्तीची जागा विकत घ्यायला पैसे हवे होते. घरचे म्हणाले, "तुझे आहेतच की, आणि राहणार तूच ना त्या घरात?" तिने दिले. खोली पागडीची, सासऱ्यांच्या नावावरची. करारनामा झाला दीर आणि नवरा यांच्या नावाने. आज ती केंद्रात येते ती घटस्फोटाच्या प्रकरणासाठी. चौदाव्या मजल्यावरच्या ज्या घरात तिची पंचवीस वर्षांची मजुरी गेली, त्या घराच्या एकाही कागदावर तिचे नाव नाही.

तिला कुणी मारले नाही, कुणी चोरी केली नाही. तिने आपल्या हाताने चेकवर सही केली. पण कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याने आर्थिक छळ हाही हिंसाचार मानला आहे, हे आपण कार्यकर्त्या विसरतो. बाई आली की आपण वळ पाहतो, दागिन्यांची यादी करतो. तिच्या निधीचे काय झाले, पेन्शनचे पुस्तक कुणाकडे असते, एटीएम कार्ड कुणाच्या पाकिटात असते, हे विचारत नाही. या अंकापासून आपल्या केंद्रांच्या नोंदपत्रकात हे तीन प्रश्न घालावेत, अशी आमची सूचना आहे.

पैशाचे काय करावे, याचा एकच नुस्खा नाही. पण काही गोष्टी आम्ही जोर देऊन सांगू. पेन्शनचे खाते एकटीच्या नावाने किंवा स्वतःच्या पसंतीच्या माणसाबरोबर असावे, आणि त्याचे व्यवहार स्वतः पाहावेत. घरात पैसा घालायचा तर करारनाम्यात नाव आल्यावरच चेक द्यावा. पेन्शन विकून एकरकमी पैसे घ्यायचे की दरमहाची रक्कम मोठी ठेवायची, हे मुलाच्या लग्नाची तारीख पाहून ठरवू नये. विकलेला भाग पंधरा वर्षांनी पुन्हा सुरू होतो, तोवर आपले वय किती असेल ते मोजावे. एकरकमी पैशातला निदान काही भाग पोस्टात किंवा राष्ट्रीयीकृत बँकेत असा ठेवावा, की जो काढायला आपली स्वतःचीच सही लागेल. साठीनंतर ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे. स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्यांना ती पंचावन्ननंतरही घेता येते, पण निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून ठरावीक मुदतीत. आणि नामनिर्देशन पाहा. लग्नाआधी घातलेले आईचे नाव आई गेल्यावरही तसेच राहते, आणि विभक्त झालेल्या नवऱ्याचेही. केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये आपल्या कर्मचारी स्त्रियांना एक मुभा दिली. घटस्फोटाचे किंवा हिंसाचाराचे प्रकरण चालू असेल तर नवऱ्याच्या आधी मुलांना कुटुंब निवृत्तिवेतन मिळावे, असे त्या लिहून देऊ शकतात. आपल्या राज्यातल्या शाळांतल्या सगळ्या शिक्षिकांना हाच हक्क मिळावा यासाठी आपण निवेदने दिली पाहिजेत.

आता आपल्या स्वतःकडे वळू.

चळवळीत एक भाषा आपण सहज वापरतो. अमुक ताईंनी नोकरीवर पाणी सोडले, तमुक ताई फकिरीने काम करतात. घरात बाईच्या त्यागाचे कौतुक होते तेव्हा त्यातला डाव आपल्याला लगेच दिसतो. संघटनेत तेच कौतुक आपण स्वतः करतो तेव्हा दिसत नाही. बाई आमच्याकडे आल्या त्यानंतर कित्येक वर्षे त्यांना मानधन मिळाले. निधी नाही, विमा नाही. आम्ही सरकारला विचारत होतो की अंगणवाडी सेविकेला मानधनावर का राबवता, आणि आमच्या ताळेबंदातही मानधन हाच शब्द होता.

संस्थांची अडचण खोटी नाही. प्रकल्पाचा पैसा तीन वर्षांचा असतो. माणसांच्या पगाराला देणगीदार नाक मुरडतात. परदेशी देणगीतून प्रशासकीय खर्च करण्याची मर्यादा २०२० च्या दुरुस्तीने ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली गेली, तेव्हापासून हात आणखी बांधले आहेत. वीसपेक्षा कमी कर्मचारी असले की निधीचा कायदा सक्तीचा नाही, ही पळवाटही सोयीची आहे. पण छोट्या संस्थेलाही आपणहून निधीत सामील होता येते. आमच्या मंडळाने या तिमाहीत तसा ठराव केला आहे. त्यासाठी एक कार्यक्रम कमी करावा लागेल, तो करू. बाईंची गेलेली वर्षे त्याने परत येणार नाहीत. पण आमच्याकडे सात-आठ तरुण मुली काम करतात, त्यांतल्या दोघी शाळा सोडून आलेल्या आहेत. त्यांच्यापैकी कुणी आणखी वीस वर्षांनी कप विसळता विसळता तोच प्रश्न विचारू नये.

एकेकीने सावध राहून हा प्रश्न सुटणार नाही, हेही खरे. म्हणून शिक्षक संघटनांसमोर आणि शासनासमोर आपण काही मागण्या ठेवू इच्छितो. दहा वर्षांहून अधिक सेवा झालेल्या शिक्षकाने राजीनामा दिला तर सेवेच्या प्रमाणात पेन्शन मिळावी, ५८ व्या वर्षी का होईना. राखून ठेवलेली मजुरी जप्त कशी होऊ शकते? घरच्यांच्या आजारपणासाठी घेतलेल्या विनावेतन रजेचा काही काळ तरी सेवेत धरावा. राजीनामा स्वीकारण्यापूर्वी मुख्याध्यापकांनी किती सेवा झाली आणि राजीनाम्याने काय जाईल, हे लेखी सांगून बाईची पोच घ्यावी. या शेवटच्या मागणीला एक पैसाही लागत नाही. २०१२ साली असा एक कागद असता तर बाई जून २०१३ पर्यंत थांबल्या असत्या. आमचे काम आठ महिन्यांनी काही बुडाले नसते.

काही जणी असेही म्हणतील की हे सगळे वाचून बायका नोकरी सोडायलाच घाबरतील. तसे होऊ नये. बाईने चाळिशीत नवे काम धरावे, आवडीचे करावे, यासाठीच आपण बोलत आलो आहोत. बाईंना मी विचारले, पश्चात्ताप होतो का? त्या म्हणाल्या, "शाळा सोडल्याचा नाही. न विचारता सोडल्याचा होतो." दार उघडायचेच, पण उंबरठा कुठे आहे ते बघून.

येत्या महिन्यापासून दर दुसऱ्या शनिवारी दुपारी परळच्या कार्यालयात आपण एकमेकींची सेवापुस्तके आणि निधीच्या पावत्या वाचायला बसणार आहोत. बाईच ही बैठक चालवणार आहेत. नेमणुकीचे पत्र, असतील त्या वेतनचिठ्ठ्या, निधीची पावती आणि नामनिर्देशनाची प्रत घेऊन या. कागद नसतील तर नुसत्या तारखा आठवून या. ज्या गटांनी आपल्या कार्यकर्त्यांना निधी लागू केला आहे त्यांनी तो कसा केला, पैसे कुठून उभे केले, हे आम्हाला लिहून कळवावे. पुढच्या अंकात ती पत्रे छापू.

आणि तो फोटो आम्ही काढलेला नाही. त्याच्या शेजारी बाईंच्या राजीनाम्याची झेरॉक्स त्यांच्याच परवानगीने लावली आहे. नव्या मुलींना आता दोन्ही दाखवतो.

संपादक मंडळाच्या वतीने